बाहीच्या आत आणि बाहेर

कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. पाचोऱ्याजवळच्या एका शेताच्या बांधावर, लिंबाच्या सावलीत, दुपारच्या भाकरीला बसलेल्या बायांमध्ये मीही टेकले होते. त्वचेवर पुस्तक लिहितेय हे कळल्यावर त्यांतल्या एकीनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवून विचारलं, "ताई, मनं वय अडतीस शे. लोके पन्नासनी समजतस. काय लावू?"

हाच प्रश्न मला जळगावात औषधाच्या दुकानाच्या पायरीवर ऐकायला मिळाला आहे आणि लग्नाच्या मांडवातही. स्कूटीवरून शाळेत जाणाऱ्या शिक्षिका तो विचारतात, अप-डाउन करणारे नोकरदार पुरुषही हल्ली आवाज खाली आणून विचारतात. शेवटचे दोन शब्द सगळ्यांचे तेच: काय लावू? उत्तराकडे आपण येऊच. पण हे झालं कशानं, ते आधी समजून घेऊ. कारण कळलं की निम्मं उत्तर आपोआप हाती येतं.

१. एका हाताची दोन वयं

त्या वहिनींनी साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. खानदेशात शेतात जाणाऱ्या बहुतेक बाया घालतात. मी म्हटलं, "वहिनी, बाही जरा वर सरकवा."

मनगटाच्या खाली, हाताच्या पाठीवर कातडी काळपट, कोरडी होती. तिच्यावर बारीक चौकड्यांचं जाळं होतं, पाणी आटलेल्या तळ्याच्या तळाशी दिसतं तसं. बोटांवर बोंडांच्या काट्यांचे ओरखडे होते. पण बाहीच्या काठापासून दोन बोटं वर गेलं की कातडीचा रंग उजळ आणि पोत मऊसूत. शेजारी बसलेल्या त्यांच्या पंधरा वर्षांच्या लेकीचा हात आणि हा हात यांत फारसा फरक दिसेना.

हात एकाच बाईचा. जन्मतारीख एक, रक्त एक, पोटात गेलेली भाकरी एक. तरी बाहीच्या आतला भाग पंचविशीतला वाटतो आणि बाहेरचा पन्नाशीतला. दोन्हींत फरक एकच आहे. एकावर ऊन पडलं, दुसऱ्यावर पडलं नाही.

तुम्हीही आत्ता हे करून बघा. दंडाची आतली, बगलेजवळची कातडी आणि मनगटाच्या बाहेरची कातडी उजेडात शेजारी धरा. पहिलीवर दिसतं ते तुमचं जन्माचं वय. दुसरीवर जे जास्तीचं दिसतं ते उन्हाचं वय. जन्माच्या वयानं कातडी पातळ, कोरडी होते, बारीक सुरकुत्या पडतात. ते टळत नाही. खोल सुरकुत्या, डाग, खरखरीतपणा आणि चामड्यासारखा जाडपणा हे मात्र बहुतांशी उन्हाचं काम असतं. त्वचारोगतज्ज्ञ त्याला 'फोटोएजिंग' म्हणतात, म्हणजे प्रकाशानं आलेलं म्हातारपण.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण २०१२ साली अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ६९ वर्षांचा एक मालवाहू गाडीचा चालक. २८ वर्षं गाडी चालवली. तिकडे चालक डाव्या बाजूला बसतो, त्यामुळे खिडकीतलं ऊन रोज डाव्या गालावर. फोटोत चेहऱ्याची उजवी बाजू साठीतल्या माणसाची दिसते, डावी बाजू वीस वर्षांनी मोठ्या माणसाची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतात. एखाद्या जुन्या एसटी चालकाच्या दोन्ही गालांकडे नीट बघा.

२. बाजेची दोरी

ऊन आत जाऊन नेमकं करतं काय, हे समजायला बाज डोळ्यांसमोर आणा. लाकडी चौकटीवर दोरी ताणून विणलेली, वर गोधडी. आपल्या कातडीचेही असेच दोन मुख्य थर असतात. वरचा थर गोधडीसारखा. तो फार पातळ असतो आणि साधारण महिनाभरात स्वतःला नव्यानं घडवत राहतो. खालचा थर म्हणजे बाजेचं विणकाम. त्यातली मुख्य दोरी 'कोलॅजन' नावाच्या प्रथिनाची, ती ताण सोसते. तिच्यासोबत 'इलॅस्टिन'चे लवचीक धागे असतात. गाल चिमटीत धरून सोडला की तो परत जागेवर येतो, तो यांच्यामुळे.

विशी ओलांडली की या दोरीत दर वर्षी साधारण एक टक्का घट होते. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत ती एकदम वाढते. त्या काळात कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं. पन्नाशीच्या आसपास "दोन वर्षांत एकदम म्हातारी झाले" असं बाई म्हणते, तेव्हा ते तिच्या मनाचे खेळ नसतात.

आता तीच बाज कुणी वर्षानुवर्षं अंगणात उन्हात ठेवली तर? दोरी पिवळी पडते, ठिसूळ होते, एकेक पेड तुटतो आणि मधोमध झोळ येतो. कातडीतही जवळपास हेच होतं. उन्हातले न दिसणारे अतिनील किरण आत शिरले की पेशी काही तासांत विशिष्ट पाचक द्रव्यं सोडतात. ही द्रव्यं म्हणजे कात्र्याच, कोलॅजनची दोरी कापणाऱ्या. शरीर नंतर दुरुस्ती करतं, पण गाठी मारून जोडलेल्या दोरीसारखी. एका दिवसाची गाठ दिसत नाही. वीस वर्षांच्या गाठी दिसतात.

वरून लावलेलं साधं क्रीम गोधडीवर नवी चादर घालतं. बाज त्यानं सुंदर दिसते, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण झोळ तसाच राहतो.

३. सावलीचं घड्याळ

अतिनील किरणांपैकी दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. यूव्हीबी कातडी भाजतात. ते बहुतांशी वरच्या थरातच अडतात, काचेतूनही येत नाहीत. यूव्हीए भाजत नाहीत, म्हणून कळतही नाहीत, पण ते खोल विणकामापर्यंत जातात आणि खिडकीच्या साध्या काचेतून आरपार येतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के यूव्हीएच असतात. त्या अमेरिकन चालकाचा गाल बिघडला तो यांच्यामुळेच.

इथे आपल्याकडे एक मोठी गल्लत होते. आपण ऊन मोजतो ते चटक्यावरून. भुसावळ-जळगावचा पारा मेमध्ये ४५ च्या पुढे गेला की सगळे घरात बसतात, ते योग्यच आहे. पण उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रावणात निंदणी करताना ढग असतात, वारा गार असतो, म्हणून डोक्यावरचा पदरही सरकतो. पातळ ढगांतून मात्र बरेचसे अतिनील किरण खाली येतच असतात.

मग मोजायचं कशानं? स्वतःच्या सावलीनं. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरण तिरपे आणि कमजोर. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की किरण जोरात. एवढा एक नियम पुरतो.

पाचोऱ्यापुरता हिशेब करून बघू. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. पाचोरा त्याच्या साधारण सात अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सात चोक अठ्ठावीस. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. पाचोरा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं वर्षातून दोनदा, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात, तो अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी अंगणात रोवलेल्या सरळ काठीला सावलीच उरत नाही. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मुलांना एकदा नक्की दाखवा. त्या दिवसांत सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते. डिसेंबरच्या अखेरीला मात्र भर दुपारीसुद्धा ती जवळजवळ आपल्या उंचीएवढी असते. मेमधल्या सकाळी नऊचं ऊन आणि डिसेंबरातलं दुपारी साडेबाराचं ऊन या दृष्टीनं जवळपास सारखंच.

४. सावळ्या कातडीचं देणं

"आपली कातडी सावळी, आपल्याला ऊन काय करणार?" हे मी अनेकदा ऐकलं आहे आणि त्यात तथ्य आहे. कातडीचा रंग ज्या मेलॅनिनमुळे येतो, तेच निसर्गानं दिलेली छत्री आहे. आफ्रिकी वंशाच्या गडद कातडीचं हे अंगचं संरक्षण मोजलं गेलं, तेव्हा ते गोऱ्या कातडीच्या जवळपास चौपट निघालं. आपण भारतीय या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणून आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात आणि उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोगही गोऱ्यांपेक्षा खूप कमी होतो. सावळ्या रंगाला कमीपणा मानणाऱ्यांनी हे एकदा नीट ऐकावं.

मात्र ही छत्री उन्हाला उत्तर देते ती रंग वाढवूनच. गोऱ्या माणसाचं उन्हाचं वय सुरकुत्यांतून दिसतं, आपलं आधी दिसतं डागांतून. गालांवर, नाकाच्या दांडीवर, कपाळावर तपकिरी पट्टे येतात, तो वांग. तो बायकांत जास्त, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना वाढणारा, आणि ऊन लागलं की गडद होणारा. आपल्या रंगाच्या कातडीत तर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानंही तो वाढतो. चुलीची धगही त्याला पोसते.

वहिनींच्या गालांवर वांग होता. लोकांना त्या पन्नाशीच्या वाटत होत्या त्या सुरकुत्यांमुळे नाही, या डागांमुळे.

एक गोष्ट मात्र उन्हाच्या खात्यावर टाकू नका. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाड काळी पट्टी असेल, घासून घासूनही जात नसेल, तर ती मळ नाही. बऱ्याचदा ती शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. तिथे दगडानं घासू नका, रक्तातली साखर तपासून घ्या. तसंच पस्तिशीतच चेहरा ओढल्यासारखा, फिका, सुजरा दिसत असेल, केस गळत असतील, तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा. अशा चेहऱ्याला क्रीम लावून दोन वर्षं घालवलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

५. नवऱ्याचा जुना शर्ट

आता 'काय लावू'कडे. मी वहिनींना जे म्हटलं तेच इथे लिहिते: आधी लावायचं नाही, घालायचं. आणि तुम्ही ते घातलेलंच आहे.

जाड विणीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हे उन्हापासूनचं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीचं संरक्षण आहे. तो घामानं पुसला जात नाही, दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही. मनगटाच्या वरची ती मऊ कातडी त्याचाच दाखला. खानदेशात पुरुष डोक्याला बांधतात तो मोठा रुमाल, उपरणं, बायांचा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, मुलींचा तोंडाभोवती गुंडाळलेला स्टोल, हे सगळं आपल्या लोकांनी उन्हाशी झगडून काढलेलं शहाणपण आहे. गावंढळ म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो.

फक्त कापड पारखून घ्या. उजेडासमोर धरा. बोटं स्पष्ट दिसली तर किरणही आत येणार. पातळ मलमलीपेक्षा घट्ट विणीचं सुती बरं. फिक्या रंगापेक्षा गडद रंग किरण जास्त अडवतो, पण तो तापतोही, तेव्हा वीण घट्ट आणि रंग मध्यम हा शेतातला मध्यममार्ग. ओलं झालेलं पातळ सुती कापड कोरड्यापेक्षा कमी अडवतं.

शर्टानं झाकली जात नाही ती हाताची पाठ आणि तोंड. रुमाल बांधला तरी गालांची वरची बाजू उघडी राहते, आणि वांग येतो तो नेमका तिथे. डोक्यावरच्या रुमालाखाली चार बोटं पुढे येणारी टोपी किंवा कापडी झालर असली तर गालांवर सावली पडते. जुन्या मोज्यांची बोटं कापून केलेले हातमोजे हाताच्या पाठीला पुरतात आणि वेचताना बोटंही मोकळी राहतात.

६. दोन बोटांचा हिशेब

सनस्क्रीनचा उपयोग होतो का? होतो, आणि तो सिद्ध झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये नॅम्बोर नावाचं गाव आहे, विषुववृत्तापासून आपल्या पाचोऱ्यापेक्षा थोडं दूरच. १९९२ साली तिथे संशोधकांनी लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे मर्जीवर सोडलं. हाताच्या पाठीवर सिलिकॉन ओतून कातडीच्या रेषांचे ठसे घेतले आणि साडेचार वर्षांनी पुन्हा घेतले. पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांच्या ठशांची तुलना २०१३ साली प्रसिद्ध झाली. रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं म्हातारपण दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी होतं. त्यांच्या सनस्क्रीनचा एसपीएफ किती होता? फक्त १५-१६.

एसपीएफ हा आकडा यूव्हीबी किती अडतात ते सांगतो. समजा १०० किरण आले. एसपीएफ १५ असेल तर सुमारे ७ आत जातात, ३० असेल तर ३, आणि ५० असेल तर २. म्हणजे १५ वरून ३० ला अर्थ आहे, ३० वरून ५० ला थोडा, आणि १०० साठी दुप्पट पैसे मोजण्यात जवळजवळ काहीच नाही. यूव्हीएसाठी वेगळी खूण बघायची: टूबवर 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हं. तीन चिन्हं तरी हवीत.

पण हा आकडा खरा ठरतो तो पुरेसं लावलं तर. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढायची. तेवढं चेहरा आणि मान यांना लागतं. वजनात साधारण एक ग्रॅम धरू. सकाळी एकदा, दुपारी एकदा, म्हणजे दिवसाला २ ग्रॅम. ५० ग्रॅमची टूब २५ दिवसांत संपायला हवी. तुमची टूब सहा महिने पुरत असेल तर १८० भागिले २५, म्हणजे तुम्ही हवं त्याच्या जेमतेम सातवा भाग लावता आहात. मग "मला सनस्क्रीनचा गुण येत नाही" हे वाक्य आलंच.

एका टूबला शेतमजुरीचा रोज, कधी दीड-दोन रोज जातात. महिन्याला एक अशी टूब वहिनींनी घ्यावी असं मी म्हणणार नाही. त्यांना शर्ट, रुमाल, हातमोजे आणि सावली. शिक्षिकेनं, फेरीवरच्या एमआरनं, रेल्वेत खिडकीशी बसून रोज जळगाव गाठणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. वांग असेल तर त्यातल्या त्यात तपकिरी छटेची घ्यावी. त्या छटेत लोहाची संयुगं असतात, गेरूच्याच कुळातली, आणि ती दिसणारा प्रकाशही अडवतात. म्हणून घरचा गेरू तोंडाला फासू नये, एवढं मात्र सांगून ठेवते.

७. धूर आणि तंबाखू

बिडी-सिगारेटनं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि कोलॅजन कापणाऱ्या त्या कात्र्या वाढतात. ओठांभोवतीच्या उभ्या रेषा ही तिची सही. मिसरीचं मोठं नुकसान तोंडाच्या आत होतं, ते सुरकुत्यांपेक्षा कितीतरी गंभीर. सरपणाचा धूर हाही वयाचा साथीदार आहे. चीनमधल्या बायकांच्या पाहणीत लाकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या जास्त आढळल्या. गॅस घरात असूनही भाकरी चुलीवरच टाकणाऱ्या घरांनी निदान चूल उघड्यावर घ्यावी.

कोलॅजनच्या महागड्या पावडरी पोटात गेल्या की इतर प्रथिनांसारख्याच पचतात. त्यांच्यावरचे पुरावे मला कच्चे वाटतात. तेवढ्या पैशांत महिन्याची डाळ आणि अंडी येतात. बेसन-हळदीनं चेहरा स्वच्छ होतो, वय उतरत नाही. लिंबू चोळून उन्हात गेल्यास मात्र कातडी भाजते आणि नवे काळे डाग पडतात.

८. गेलेलं किती परत येतं?

थोडं येतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अल्बर्ट क्लिगमन हे त्वचारोगतज्ज्ञ मुरुमांवर 'ट्रेटिनॉइन' हे अ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध वापरत होते. वयानं मोठे असलेले रुग्ण सांगू लागले की मुरुम तर गेलेच, पण कातडीही गुळगुळीत झाली. १९८६ साली क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला; १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं उन्हानं बिघडलेल्या कातडीसाठी ट्रेटिनॉइनला मान्यता दिली. हेही सांगायला हवं की याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि तो वैद्यकाच्या इतिहासातला कलंक मानला जातो.

ट्रेटिनॉइन बाजेची दोरी थोडी नव्यानं ओढतं, म्हणजे नवं कोलॅजन तयार करवतं आणि डागही फिके करतं. वापर डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. रात्री, अख्ख्या चेहऱ्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. पहिले काही आठवडे कातडी लाल होते, सोलवटते. बहुतेक जण तिथेच सोडून देतात. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर ते लावायचंच नाही. आणि दिवसा ऊन अडवलं नाही तर रात्रीचं सगळं वाया.

बाकी उपाय थोडक्यात. बोट्युलिनम इंजेक्शननं कपाळावरच्या आठ्या तीन-चार महिने सैल पडतात, डाग जात नाहीत. लेझर आणि तीव्र पील आपल्या रंगाच्या कातडीवर सांभाळूनच. अनुभव नसलेल्या हातांत त्यानं डाग वाढतात. वांगासाठी ॲझेलिक ॲसिड सौम्य आहे, धीर धरला तर गुणकारी.

९. टूबवरची चार नावं

भाकरी बांधताना वहिनींनी पिशवीतून एक टूब काढली. अर्ध्यापर्यंत गुंडाळत आणलेली, वरची अक्षरं घामानं पुसट झालेली. नणंदेनं दिली होती. "पहिले आठ दिवसमा तोंड उजयी गयं," त्या म्हणाल्या. सात महिने लावत होत्या. आता एक दिवस चुकला तरी चेहरा आग-आग व्हायचा. मी टूब उन्हाकडे धरून बारीक अक्षरं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन.

यातलं तिसरं नाव स्टेरॉइडचं. अशा तीन औषधांच्या मिश्रणाची मूळ कल्पना १९७५ सालची, तीही क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांचीच. वांगासाठी, थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं ते औषध. आपल्याकडे ते 'गोरं करायची क्रीम' म्हणून हातोहात फिरतं.

स्टेरॉइड आधी रक्तवाहिन्या आखडवतं, रंगद्रव्य कमी करतं. आठवड्यात चेहरा उजळतो. मग ते कोलॅजन बनणंच थांबवतं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, गालांवर लव वाढते. पंचविशीतल्या मुलीला सत्तरीची कातडी मिळते. उन्हाला यासाठी वीस वर्षं लागतात, टूबला काही महिने पुरतात. सोडायला गेलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतभरातल्या पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असं स्टेरॉइड तोंडाला लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं पाठपुरावा केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारनं ही क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती वहिनींच्या पिशवीपर्यंत पोहोचलीच.

ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नसतं, ती याहून वाईट. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरची बातमी आली. तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा मूळ सापडलं ते तिघी लावत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये. त्यात पारा होता.

म्हणून हे प्रकरण वाचून झाल्यावर आधी घरातल्या आरशामागची, कपाटातली, सुनेच्या-लेकीच्या पर्समधली प्रत्येक टूब बाहेर काढा. नाव नसलेली डबी असेल तर वापर आजच थांबवा. छापील टूबवर चार नावं शोधा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एक जरी चेहऱ्यावर महिनाभराहून जास्त लागत असेल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका, आणि चालूही ठेवू नका. जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे जा. जाताना टूब फेकून देऊ नका, सोबत न्या. डॉक्टर सगळ्यांत आधी तीच बघायला मागतील.